चार भाग तेल, दोन भाग पाणी

औषधाच्या बाटलीवरचा मजकूर कोणी वाचत नाही, असे आमच्या गल्लीतले औषधवाले म्हणतात. मी वाचते. मराठी शिकविणाऱ्या माणसाला छापील अक्षर दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. मग तो भेळेचा कागद असो, की एस. टी.च्या तिकिटाची पाठ असो. त्यातून औषधाच्या बाटलीवरचा मजकूर म्हणजे एक छोटे नाटकच असते. वर ठळक अक्षरांत नायकाचे नाव. त्याखाली त्याच्या खानदानीचा तपशील, किती मिलिग्रॅम आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे. मग रंग कोणता घातला आहे तो. आणि सगळ्यांत शेवटी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'एक्सिपिएंट्स क्यू. एस.' हे 'क्यू. एस.' म्हणजे 'क्वांटम सफिसिट' या लॅटिन शब्दांचे लघुरूप. अर्थ एवढाच, की इतर द्रव्ये, लागतील तेवढी. लग्नपत्रिकेत यजमानांची, मामांची, काकांची नावे छापून झाली, की शेवटी 'व समस्त आप्तेष्ट' असे लिहून आपण मोकळे होतो ना? तसेच हे. मांडवात राबतात तेच, पण पत्रिकेत त्यांना नाव नाही.

औषधशास्त्रात या आप्तेष्टांना 'निष्क्रिय घटक' म्हणतात. हा शब्द मला कधीच पटलेला नाही. संस्कृत श्लोकांत 'च', 'वै', 'तु', 'हि' अशी अव्यये येतात. टीकाकार त्यांच्यापुढे 'पादपूरणार्थ' असे लिहून पुढे जातात. म्हणजे जागा भरायला आली, अर्थ विचारू नका. पण ती काढून पाहा! श्लोक जागच्या जागी लंगडू लागतो. मग ती निष्क्रिय कशी? वर्गात मी हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, 'मॅडम, परीक्षेला येईल का?'

या समस्त आप्तेष्टांपैकी एकाशी मात्र माझा घरोबा आहे. तो म्हणजे तेल आणि पाणी यांची गाठ घालून देणारा. कारण त्याच्या जोरावर माझ्या आजोबांनी चाळीस वर्षे संसार केला.

आबाजी, म्हणजे माझ्या आईचे वडील, चांदूर बाजारात कंपौंडर होते. चांदूर बाजार म्हटले की अमरावती जिल्ह्याबाहेरच्या माणसाचा हमखास घोटाळा होतो, कारण या जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक रेल्वेचे, एक बाजाराचे. मुंबईहून निघालेली औषधांची पेटी 'चांदूर' एवढ्याच पत्त्यावर चांदूर रेल्वेला उतरायची आणि तिथे आठवडाभर मुक्काम करायची. इकडे आबाजी रिकाम्या बरण्यांकडे पाहून रेल्वे खात्याचा उद्धार करायचे. पुढे नरखेड-अमरावती मार्ग झाला आणि चांदूर बाजारालाही स्टेशन मिळाले. बाजार तर चांदूर रेल्वेलाही भरतोच. म्हणजे आता दोघांकडेही दोन्ही आहे. नावे मात्र आपापल्या जागी घट्ट चिकटून आहेत.

बाजाराच्या दिवशी शिरजगावाहून, करजगावाहून, ब्राह्मणवाडा थडीहून बंड्या यायच्या. दवाखान्याच्या ओसरीवर माणसे बसलेली असायची, प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली बाटली. आत डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि ती एका चौकोनी खिडकीतून आबाजींच्या हातात पडायची. त्या खिडकीपलीकडचे जग मला सहा-सात वर्षांची असताना जादूगाराच्या गुहेसारखे वाटे. काचेचे मापाचे पेले, चिनी मातीचा पांढरा खल, भिंतीला लागून बरण्या, आणि सगळ्यांवर पसरलेला ओव्याच्या अर्काचा वास. बाटली भरली, की आबाजी कागदाची एक पट्टी घेत, कात्रीने तिला कडेने खाचा पाडत आणि खळ लावून ती बाटलीवर चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता येईल अशी ती लिपी होती. आणि खिडकीतून बाटली देताना एक वाक्य ठरलेले, 'हालवून घेजा बाप्पा, नाही त तेल तेल एकजण पेईन अन् पानी पानी दुसरा.'

तेल! सगळे अवघड इथेच होते. त्या काळच्या औषधांत तेले फार. लहान मुलांसाठी एरंडेल, अशक्तांसाठी माशाचे तेल, म्हाताऱ्यांच्या पोटासाठी पॅराफिनचे पातळ तेल. नुसते तेल गिळवत नाही, आणि पाण्यात घातले तर ते सवतीसारखे वेगळे होऊन वर जाऊन बसते. त्या दोघांना एका बाटलीत नांदायला लावण्याची एक रीत औषधशाळांच्या पुस्तकांत दिलेली असते, आणि तीच आबाजींना तोंडपाठ होती. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. पॅराफिनसारखे खनिज तेल असले तर तीन, दोन, एक. उडून जाणारे सुगंधी तेल असले तर दोन, दोन, एक. गुणोत्तरे मी शाळेत पुढे कधीतरी शिकले. पण माझ्या मनात त्यांचा अर्थ आजही तेल, पाणी आणि डिंक असाच आहे.

खल आधी कोरडा ठणठणीत हवा. पुसून, उन्हात ठेवून. मापाचा पेलाही कोरडा. त्यात तेल मोजून खलात ओतायचे, डिंकाची वस्त्रगाळ पूड त्यावर टाकून हलक्या हाताने मिसळायची, आणि मग दोन भाग पाणी, थेंब थेंब नव्हे, एकदम! इथे नवशिक्याचा हात थरथरतो. पाणी पडले की क्षणाचाही विलंब न करता बत्ता भराभरा, एकाच दिशेने फिरवायचा. मला हे सारे करून दाखविताना आबाजींचा आवाज किर्तनकारासारखा चढत असे.

'एकाच बाजूनं घोट माय. मधातच उलटा फिरवशीन त फाटन ते.'

'मग केव्हा थांबायचे?'

'कायले घाई करतं? थेच सांगते.'

आणि खरोखर, ते सांगत असे. आधी पिवळट, ओशट असलेला लगदा पाहता पाहता पांढरा होऊ लागे, घट्ट होई, आणि बत्त्याखालून 'चट् चट्' असा एक बारीक आवाज येऊ लागे. ओल्या चपला फरशीवर वाजाव्यात तसा. तो आवाज आला, की पाया पडला. या पायावर मग उरलेले पाणी सावकाश घालत जायचे, बडीशेपेचा किंवा दालचिनीचा अर्क घालायचा, बाटली भरायची. औषधशाळेत शिकलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाला मी मुद्दाम विचारले. तो म्हणाला, आम्हालाही प्रात्यक्षिकात हा आवाज ऐकायला सांगतात. यंत्रे आली, गणिते आली, तरी आवाज तोच राहिला, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

हे होते कसे? तेल आणि पाणी यांचे हाडवैर नाही; त्यांना एकमेकांत रसच नाही, एवढेच. घोटण्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, पण सोडून दिले तर ते थेंब पुन्हा आपल्या आपल्यात मिसळून मोठे होतात आणि वर येतात. डिंक काय करतो, तर प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा धरतो. बाभळीच्या जातीच्या डिंकात शर्करेच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्यांना कुठेकुठे प्रथिनाचा अंश जोडलेला असतो. प्रथिनाचा भाग तेलाला धरून राहतो, शर्करेचा भाग पाण्यात पाय पसरतो. आता एक थेंब दुसऱ्याला चिकटू म्हणेल, तर मधे हा उभा. तेल आपले तेलच राहते, पाणी पाणीच. कोणाचाही धर्म बदलत नाही, आणि तरी बाटलीत दूध दिसते.

दूध हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. अशा मिश्रणाला इंग्रजीत इमल्शन म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'दूध काढणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. आणि आपल्या परिभाषाकारांनी त्याला मराठीत शब्द योजला तो 'पायस'. पयस् म्हणजे दूध, त्यापासून पायस म्हणजे खीर. दशरथाच्या यज्ञातून निघालेली, राण्यांमध्ये वाटली गेलेली. डिंकासारख्या पदार्थाला मग 'पायसीकारक' म्हणायचे. पारिभाषिक शब्दांची थट्टा करणे हा आपला आवडता उद्योग आहे, आणि पुष्कळदा ते त्याला पात्रही असतात. पण 'पायस' ज्याने कोणी योजला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. रोमच्या माणसाला जे दिसले तेच इथल्या माणसाला दिसले. आणि दूध तरी दुसरे काय आहे? पाण्यात तरंगणारे लोण्याचे बारीक थेंब, प्रथिनांनी सावरून धरलेले. गाईला चार, दोन, एक कोणी शिकविले असेल ते असो!

डिंकाकडे वळते, कारण तो आमच्या घरचा विषय आहे. औषधांच्या ग्रंथांत ज्याला 'अकेशिया' म्हणतात तो उत्तम डिंक आफ्रिकेतून येतो. त्यातही सुदानातून सर्वांत अधिक. आमच्या बांधावरच्या बाभळीचा तो चुलतभाऊ. पेयांत, गोळ्यांत, शाईत, औषधांत, जिथे म्हणून काही धरून ठेवायचे तिथे हा लागतो. अमेरिकेने १९९७ साली सुदानवर व्यापारबंदी घातली, तेव्हा डिंकाला तेवढी सूट ठेवली! राजकारणात कडक असलेली माणसेसुद्धा डिंकापुढे मऊ होतात. २०२३ च्या एप्रिलात सुदानात यादवी पेटली, आणि ज्या कोर्दोफान आणि दारफूर भागांत ही झाडे आहेत तिथली गावे उजाड होऊ लागली, तेव्हा जगातल्या कारखानदारांना डिंकाची आठवण झाली. गावांची किती झाली, कोण जाणे.

पण आबाजींना सुदानचे कौतुक नव्हते. त्यांचा जीव धावड्याच्या डिंकावर. चांदूर बाजारच्या उत्तरेला क्षितिजावर जी निळी रेघ दिसते ती गाविलगडाच्या डोंगरांची, तिच्यामागे मेळघाट. तिथल्या रानात सालई, साग, तिवस यांच्या बरोबरीने धावडा उभा असतो, गुळगुळीत पांढुरक्या खोडाचा. त्याच्या सालीवर उन्हाळ्यात मधाच्या रंगाचे डिंकाचे अश्रू येतात. कोरकू माणसे ते वेचून आणतात. दिवाळी सरली, थंडी पडली, की वऱ्हाडातल्या घराघरांत डिंकाचे लाडू होतात ते याच डिंकाचे. बाळंतिणीला तर हवाच. हाच डिंक परदेशी गेला की त्याचे नाव होते 'गम घट्टी', आणि ते नाव म्हणे घाटावरून पडले. घाट उतरून बंदरावर जायचा म्हणून घट्टी. तेल आणि पाणी यांना धरून ठेवण्यात तो आफ्रिकेच्या डिंकापेक्षाही काकणभर सरस आहे, असे या विषयातले जाणकार सांगतात. आबाजींनी हे कुठल्याही ग्रंथात वाचले नव्हते. त्यांच्या हाताला ते कळले होते.

परतवाड्याच्या बाजारात एकदा मी डिंक घेत होते. जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बाईने मला विचारले, 'खायचा पाह्यजे का दवाईचा?' मी म्हटले, दोन्हींत फरक काय? तिने दोन ढीग दाखविले. एक स्वच्छ, खड्यासारखा. दुसरा तांबूस, सालीचे तुकडे असलेला. स्वच्छ ढिगाकडे बोट करून ती म्हणाली, 'हा खायचा.' म्हणजे औषधात कसला का असेना, लाडवात मात्र चांगला हवा. तिचे व्यापारी तत्त्वज्ञान ऐकून मला हसू आले. आता त्या हसण्याची आठवण झाली की तोंड कडू होते, आणि त्याला कारण आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, परासियाच्या बातम्या येऊ लागल्या. वरूड ओलांडले की आमच्या संत्र्याच्या बागा न थांबता मध्यप्रदेशात शिरतात. पांढुर्णा, सौंसर, मग छिंदवाडा. तिकडची भाषाही आमच्याच भाषेत थोडी हिंदी घोटून केलेले पायस आहे. त्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची लहान लहान मुले खोकल्याचे औषध प्याली आणि त्यांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडे गेली. कितीतरी मुलांना नागपूरला आणले. वीसहून अधिक मुले दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. औषधाचे नाव कोल्ड्रिफ. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यातले. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने तपासले तेव्हा बाटलीत ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकोल निघाले. ०.१ टक्क्याच्या वर ते असता कामा नये. हे गाडीच्या थंडाव्याच्या पाण्यात, कारखान्यांत वापरायचे द्रव्य. गोड, बिनवासाचे, आणि विष.

नीट ध्यानात घ्या. खोकल्याचे म्हणून जे औषध त्या बाटलीत होते, त्याने ही मुले गेली नाहीत. ती गेली 'क्यू. एस.' ने. औषध ज्यात विरघळवायचे ते द्रावक, प्रॉपिलिन ग्लायकोल, ते शुद्ध हवे होते, ते नव्हते. हा माझा तेलपाण्याचा मध्यस्थ नव्हे, पण त्याच्याच पंगतीत बसणारा, पत्रिकेत नाव नसलेला, निष्क्रिय म्हणवला जाणारा. आमच्या शेजारच्या सूनबाईने त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या बाटल्या माझ्यापुढे आणून ठेवल्या. 'मॅडम, तुम्ही वाचता ना हे सारं? मग वाचून सांगा, यातली कोणती देऊ पोराला?' मी एकेक बाटली भिंगाखाली धरली. प्रत्येकीवर तेच, इतर द्रव्ये, पुरेशी. काय सांगणार? वाचता येणे आणि लिहिलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोराला काय दिले, ते तिने डॉक्टरांना विचारून ठरविले. बाटल्या मात्र माझ्याच टेबलावर राहिल्या.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेले ग्लिसरीन पोटात जाऊन चौदा माणसे मेली; न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, आणि तिच्या कथा आमच्या वडील पिढीने वर्तमानपत्रांत रोज वाचल्या. त्याच्याही आधी, १९३७ साली, अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे गुणकारी औषध मुलांना सहज पिता यावे म्हणून पातळ केले. कशात? याच डायएथिलिन ग्लायकोलमध्ये. वर रास्पबेरीचा स्वाद. शंभरावर माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. पुढचा भाग ऐकून भाषेच्या प्राध्यापकाने हसावे की रडावे? त्या वेळच्या कायद्यात विषारी द्रव घातल्याबद्दल बाटल्या जप्त करण्याची सोयच नव्हती. पण बाटलीवर 'एलिक्सिर' हा शब्द छापला होता, आणि एलिक्सिर म्हणजे ज्यात मद्यार्क असतो ते. या बाटलीत मद्यार्क नव्हता. तेव्हा शब्द चुकीचा वापरला, या अपराधाखाली देशभरातल्या बाटल्या गोळा केल्या गेल्या! 'एलिक्सिर'ऐवजी नुसते 'द्रावण' असे छापले असते, तर कायदा हात बांधून उभा राहिला असता. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा झाला. औषध विकण्याआधी ते निर्धोक आहे हे दाखविणे भाग पडले. शब्दाच्या अर्थावरून माझ्याशी वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगते. तेव्हा मागच्या बाकावरूनही कोणी परीक्षेचे विचारत नाही.

हे सारे मी आता शांतपणे लिहिते आहे, पण या आप्तेष्टांशी माझी खरी गाठ पडली ती आईच्या आजारपणात. तिच्या स्तनातली गाठ काढली आणि नागपूरच्या एका रुग्णालयात दर आठवड्याला सलाइनमधून औषध द्यायचे ठरले. औषधाचे नाव पॅक्लिटॅक्सेल. यू नावाच्या एका सूचिपर्णी झाडाच्या सालीत ते सापडले. मोठे गुणाचे, पण पाण्यात मुळीच न विरघळणारे. आणि रक्तात जायचे तर पाण्याशी जुळवून घ्यावेच लागते. पहिल्या दिवशी औषधाच्या आधी बरीच इंजेक्शने दिली. मी विचारले, ही कशासाठी? परिचारिका म्हणाली, 'रिॲक्शन येऊ नये म्हणून.' तरी ती आली. थेंब सुरू होऊन दहा मिनिटे झाली नसतील. आईचा चेहरा लालबुंद झाला, तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली, 'बाई, मले गुदमरून राह्यलं.' परिचारिकेने चाकी फिरवून सलाइन बंद केले, डॉक्टर धावत आले, आणखी इंजेक्शने झाली, प्राणवायूची नळी लागली. त्या अर्ध्या तासाबद्दल मी अधिक लिहीत नाही.

आई सावरल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितले, 'ही बहुधा औषधाची नाही, औषध ज्यात कालवले आहे त्याची आहे.' त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी बाटलीसोबतचा कागद उलगडला. आणि तिथे, मुंगीच्या पावलांएवढ्याच अक्षरांत, एक ओळखीचे नाव भेटले. पॉलिऑक्सिल ३५ कॅस्टर ऑइल. कॅस्टर ऑइल! म्हणजे आमचे एरंडेल. रासायनिक संस्कार करून पाण्याशी मैत्री करायला लावलेले. एका मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम, आणि हे एरंडेल ५२७ मिलिग्रॅम, उरलेला मद्यार्क. अठ्ठ्याऐंशी पट! नवरदेव एकटा आणि वऱ्हाडी अठ्ठ्याऐंशी, आणि तरी सरकारदरबारी ते निष्क्रिय. ओसाड गावी एरंड बळी अशी म्हण आहे. इथे तर गाव भरलेले होते.

दर महिन्याच्या एका रविवारी आबाजी ज्या मुलीला दालचिनीचा वास लावलेले एरंडेलाचे पायस बळेबळे पाजीत, आणि वर पेपरमिंटची गोळी देत, ती मुलगी म्हणजे आई. ते तिला आयुष्यभर बाधले नाही. पोटात उतरणारे आणि रक्तात उतरणारे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. भूल देण्याच्या एका प्रसिद्ध औषधाचीही हीच कथा आहे. प्रोपोफॉल प्रथम १९७७ साली याच संस्कारित एरंडेलात कालवून माणसांना देऊन पाहिले; कित्येकांना तीव्र रिॲक्शन आली, म्हणून ते मागे घ्यावे लागले. मग ते सोयाबीनच्या तेलात विरघळवून, अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनने पायस करून, १९८६ साली पुन्हा आणले. औषध तेच, मध्यस्थ बदलला, आणि जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आज ती दुधासारखी पांढरी बाटली दिसते. आमच्या तालुक्यात कपाशीच्या कितीतरी वावरांत सोयाबीन आले आहे. भाव पडला की लोक त्याला शिव्या देतात. त्याच्या तेलातूनही, शुद्ध करताना, लेसिथिन निघते. त्याचे एक टोक तेलाचे आणि एक पाण्याचे. आमच्या मामांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, 'मंग क्विंटलमागं शंभर रुपये जास्त द्या म्हना त्याईले.'

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आईसाठी दुसऱ्या प्रकारचे पॅक्लिटॅक्सेल मागविले. २००५ सालापासून तेही मिळते. त्यात एरंडेल नाही, मद्यार्क नाही. महाग आहे, आबाजींनी ठेवलेली सोन्याची पाटली त्यात गेली. पहिल्याचे थेंब तीन तास चालायचे, याचे अर्ध्या तासात आटोपते. परिचारिका बाटली लावू लागली तशी आई उठून बसली. चाळीस वर्षे तिने शिवणकाम केलेले; दोरा कोणता आहे हे पाहिल्यावाचून ती सुईला हात लावत नसे.

'बाई, याच्यात काय कालवलं आहे, थे सांगजा पयले.'

'अल्ब्युमिन आहे, आजी. रक्तातलं प्रथिन असतं ते.'

'कोनाच्या रक्तातलं?'

परिचारिका जराशी थबकली. मग म्हणाली, 'माणसांच्या. लोक रक्त देतात ना, त्यातून काढतात.'

आईने थोडा वेळ त्या बाटलीकडे पाहिले. मी घाबरले, की आता ही नाही म्हणते. सोवळेओवळे तिने कधी मानले नव्हते, पण वयाच्या सत्तरीत माणूस कुठल्या गोष्टीशी अडेल हे सांगता येत नाही.

'मंग त्याईचं नाव लिवलं असन बाटलीवर?'

'नाव नसतं, आजी. पुष्कळांचं मिळून असतं.'

'असूंदे मंग,' आई म्हणाली, आणि पदर नीट करून तिने हात पुढे केला. मी घड्याळ लावून बसले. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. तिचा चेहरा होता तसाच होता. विसाव्या मिनिटाला तिने डोळे मिटले, आणि मला वाटले की तिला झोप लागली. पण तसेच मिटल्या डोळ्यांनी तिने विचारले, 'यंदा परतवाड्याहून डिंक आनला का तू?' मी नाही म्हटले. 'आनजो. खायचा आनजो, दवाईचा नोको,' ती म्हणाली, आणि मग खरेच झोपली.